भादुलीच्या सात पायऱ्या

९ भाद्र

आजपासून रोज लिहिणार. याआधी तीनदा असं ठरवून आठवड्यात मोडलंय, पण या खेपेला कारणच तसं आहे. दुपारी दुकानात एका बाईंना मुंजीच्या यादीतलं सामान बांधून देत होतो, तेवढ्यात टपालवाला आला. कोलकात्याहून पत्र. इप्सिता सरखेल या उत्खननाचं काम करणाऱ्या बाईंनी लिहिलंय की परवानगी मिळाली. पाऊस सरला की कार्तिकात, नेपाल घोराईच्या शेतात, सात दिवस, दोन खड्डे. मुंजीवाल्या बाईंना मी सुपाऱ्या दुप्पट बांधून दिल्या. त्यांनीही त्या पिशवीत टाकल्या.

सतरा वर्षं पत्रं लिहितोय मी. त्रिवेणी म्हटलं की लोक प्रयागच समजतात. अहो, प्रयागला तिघी भेटतात, आमच्या त्रिवेणीला तिघी एकमेकींचा निरोप घेतात. ती युक्तवेणी, ही मुक्तवेणी. त्यातली सरस्वती निघाली ती सप्तग्राम बंदराच्या दारावरून समुद्राकडे, आणि तिच्या पाण्यावर आम्हा बनियांची गलबतं कुठकुठं जाऊन आली. मग तिच्यात गाळ भरला आणि बंदराचा श्वास कोंडला. आज तिला नुसतं 'खाल', म्हणजे ओढा, म्हणतात. जलपर्णी आणि डास. यात्रेकरू येतात, गंगेत बुडी मारतात, माझ्याकडून तीळ-कुश घेतात आणि सप्तग्राम विचारलं तर रेल्वेचं स्टेशन दाखवतात.

त्या बंदराचा जुना घाट नेपालच्या शेतात आहे असं माझं मन सांगतं. खालाच्या दोन्ही अंगांना त्याची जमीन आहे. पण नेपालनं ती वीटभट्टीवाल्याला माती काढायला द्यायचं कबूल केलंय, कार्तिक सरून अग्रहायण लागला की. भट्टीवाले बारा-बारा फूट खोल खणतात. म्हणजे कार्तिकात सात दिवसांत घाट सापडला तर सापडला, नाहीतर त्याच्या विटा होऊन कोलकात्याच्या कुणाच्या तरी न्हाणीघरात जाणार.

लतिकेला पत्र वाचून दाखवलं. ती ओसरीवर भादुलीच्या व्रताचं चित्र काढत होती, तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं. "बरं झालं," म्हणाली आणि पुन्हा बोट पिठात बुडवलं. एवढंच. आणि बसली होती चक्क दक्षिणेकडे तोंड करून. मी म्हटलं, "यमाच्या दिशेला तोंड करून पूजा कोण करतं? पूर्वेला गंगा आहे, तिकडे बस की." म्हणाली, "सासूबाई असंच बसायच्या." आमची आई तरी कुठे शास्त्र शिकली होती.

१७ भाद्र

अनर्थ झाला. घाईत घराबाहेर पडताना लतिकेच्या एका होडीवर पाय पडला. पिठाची होडी ओली होती, पुसली गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिथंच बसून तिनं ती होडी पुन्हा काढली आणि तिच्याभोवती बोटानं तीन वेळा कडं केलं. मी म्हटलं, "अगं, सात होड्या आहेत. एक पुसली तर काय बिघडलं?"

"कुठली पुसली ते तुम्हाला ठाऊक आहे का?" म्हणाली.

आमच्या मुलाचा, तुहिनचा, बारा दिवस फोन नाही. मालवाहू जहाजावर इंजिनात काम करतो, मधेमधे नेटवर्क मिळत नाही, हे मी तिला शंभर वेळा समजावलंय. बायकांना कोण समजावणार.

आज ताडफळाचे वडे केले होते. तिनं खाल्ले नाहीत.

१८ भाद्र

तुहिनचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदरात आहे, मजेत आहे. मी त्याला खड्ड्यांचं सगळं सविस्तर सांगितलं. वीस मिनिटं सांगत होतो. शेवटी म्हणाला, "बाबा, आईला द्या ना." तोवर पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

लतिकेनं आज कालचे वडे गरम करून खाल्ले.

३० भाद्र

पुस्तिकेचं काम जोरात. 'मुक्तवेणी : एका बंदराची कहाणी'. अकरा प्रकरणं. शेवटी 'स्त्रियांचे आचार' म्हणून अर्धं पान ठेवलंय. छापखानेवाला म्हणाला, त्या अर्ध्या पानात एखादं चित्र टाका, बरं दिसेल. म्हणून लतिका स्वयंपाकात असताना तिच्याच पाटावर बसून भादुलीचं चित्र वहीत उतरवून घेतलं.

काय एकेक काढलंय. सगळ्यात वर सात समुद्र. वर म्हणजे नकाशात उत्तर येते, म्हणजे हिमालयाच्या डोक्यावर समुद्र. भूगोलाचा गंधही नाही. खाली नागमोडी नदी, दोन टोकांना दोन तळी, काटेरी झुडपं, वाघ, कावळा, सात होड्या, आणि पार खाली डाव्या अंगाला सात आडव्या रेघा. "या काय?" विचारलं तर आतून ओरडली, "पायऱ्या." समुद्र, वाघ, होड्या काही पानात मावेनात. ते गाळले. नदी, तळी आणि पायऱ्या तेवढ्या घेतल्या. नीटस दिसतंय.

३१ भाद्र, महिनाअखेरची संक्रांत

व्रत संपलं. केळीच्या सोपटाची नाव करून त्यात दिवा, सुपारी, फुलं ठेवून सोडायची असते. दोन पावलांवर गंगा आहे, अख्ख्या देशाचे लोक तिथं पुण्य घ्यायला येतात. पण नाही. लतिका आणि गल्लीतल्या चार बायका चिखल तुडवत गेल्या त्या नेपालच्या गोठ्यामागे, खालाच्या घाणीत नाव सोडायला. मी दुकानातून पाहत होतो. जलपर्णीत नाव अडकते, मग बायका काठीनं पुढे ढकलतात आणि हसत बसतात. घरी आल्यावर लतिकेचे पाय घोट्यापर्यंत शेणानं भरलेले. म्हटलं, "तिथंच का?" तर म्हणे, "तिथंच सोडतात."



११ आश्विन

नेपाल घोराई दुकानात आला. भट्टीवाल्याची माणसं शेत मोजून गेली. मी म्हटलं, "अरे नेपाल, तुझ्या शेताखाली बंदर आहे."

"निताईदा, माझ्या शेताखाली शेतच आहे. आजोबांपासून आम्ही नांगरतोय. भांडी फुटकी निघतात, तेवढीच."

"तीच तर खूण."

"मग आमच्या घरात रोज एक बंदर होतं. सून भांडी घासताना फोडते ना." आणि स्वतःच हसत सुटला. पण जाताना म्हणाला, "सात दिवस मी भट्टीवाल्याला हात लावू देत नाही. तेवढी तुमची पत राखतो. पुढचं मात्र बोलू नका."

माणूस वाईट नाही. जमिनीत पाणी साचून धान कुजतं त्याचं, तो तरी काय करणार.

१९ कार्तिक

आल्या. मला वाटलं होतं, इप्सिता सरखेल म्हणजे जाड चष्म्याच्या पोक्त बाई असतील. ही तर आमच्या तुहिनपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. मी 'दिदीमणी' म्हणतो, ती मला 'काकाबाबू'. लतिकेला 'काकीमा' म्हणून पायाच पडली, आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसून मुरमुरे खायला लागली. लतिका खूश.

मी माझे कागद दाखवले. आमच्या धर घराण्याची वखार शेताच्या टोकाला, पंचाननतळ्याच्या बाजूला होती असं वडील सांगायचे, म्हणजे घाट तिथंच. दिदीमणींनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "काकाबाबू, तुमच्या पुराव्यांत पुष्कळ वडील आहेत." त्या गंमत करत होत्या की काय, कळलं नाही. पण पहिला खड्डा मी म्हणतो तिथं.

उद्या नाही, परवा सकाळी सात वाजता. मला आत्ताच उठून जावंसं वाटतंय.

२१ कार्तिक

पहिला दिवस. अडीच फूट. ओल्या मातीचा असा वास येतो की पुरे. मला खुरपं धरू दिलं. काळ्या खापराचा तुकडा लागला तेव्हा मी उडालोच. दिदीमणी म्हणाल्या, "फार तर शंभर वर्षांचा आहे." असू दे. शंभर वर्षं काय कमी झाली?

२३ कार्तिक

पहिला खड्डा संपला. सहा फुटांवर औषधाची बाटली निघाली, बूच लावलेली. नेपालनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "निताईदा, तुमच्या पूर्वजांना खोकला होता." काठावरची सगळी माणसं हसली, मीसुद्धा. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. वखार नव्हतीच का? वडील मला जे सांगायचे ते त्यांना कुणी सांगितलं होतं? मी कधी विचारलंच नाही.

सात दिवसांतले तीन गेले. एक खड्डा उरलाय.

२४ कार्तिक

सापडलं!

पहाटे अंथरुणातच डोक्यात वीज चमकली. भादुलीचं व्रत कशासाठी? समुद्रावर गेलेली घरची माणसं सुखरूप परत यावीत म्हणून. कुठं यावीत? घाटावर. मग त्या सात पायऱ्या म्हणजे उगाच काढलेल्या रेघा नव्हेत, तो घाटच आहे. नागमोडी नदी म्हणजे सरस्वती, तिची दोन वळणं आजही खालाला जशीच्या तशी आहेत, आणि दोन टोकांची दोन तळीही तशीच. आमच्या घराण्यातल्या बायका दरवर्षी बंदराचा नकाशा काढत आल्या आणि कुणालाच ठाऊक नाही. शोधलं कुणी? या निताईपद धरानं.

वही घेऊन धावत सुटलो. एका पायात चप्पल होती की नाही, आठवत नाही. दिदीमणींनी पान पाहिलं आणि त्यांचे डोळे असे चमकले की सतरा वर्षांचं सार्थक झालं. खालच्या अंगाला डावीकडे, म्हणजे शेताचा नैर्ऋत्य कोपरा. लगेच दोऱ्या लावल्या. संध्याकाळपर्यंत तीन फूट.

लतिकेला सांगायचं राहून गेलं. ती बहिणीकडे चंदननगरला गेलीय, परवा येईल.

२५ कार्तिक

पाच फूट. माती.

२६ कार्तिक

काय दिवस होता. सगळं नीट लिहितो.

दुपारपर्यंत आठ फूट झाले. निव्वळ गाळ. खापराचा तुकडा नाही, कोळसा नाही, खोकल्याची बाटलीसुद्धा नाही. दिदीमणी काठावर बसून म्हणाल्या, "काकाबाबू, मला वाईट वाटतंय." मला तर रडूच आलं. साठीला आलेला माणूस, शेताच्या मधोमध, नेपालच्या देखत. त्यानंही थट्टा केली नाही. खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला.

तेवढ्यात लतिका डबा घेऊन आली. चंदननगरहून उतरून थेट शेतात. "भात डब्यात थंड होतोय आणि तुम्ही इथं मातीत," म्हणत पान वाढायला लागली. माझी वही उघडीच पडली होती. तिनं ती उचलून पाहिली.

"हे माझं भादुलीचं का?"

"हो. घाट म्हणून इथं खणलं. काही नाही."

"यातले समुद्र कुठे गेले?"

"पानात मावेनात."

"होड्या?"

"त्याही."

"समुद्र नाही, होड्या नाहीत. मग घाटाला येणार कोण?" दिदीमणींकडे वळून म्हणाली, "बघ गं बाई, यांच्या बंदरात नुसत्या पायऱ्या." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "समुद्र कुठल्या दिशेला आहे हो?"

"दक्षिणेला."

"आणि मी कुठल्या दिशेला तोंड करून बसते? भाद्रात तुम्हीच ओरडला होतात माझ्यावर."

दिदीमणी उठल्या, लतिकेच्या हातातून वही घेतली आणि उलटी केली. खालचं वर, डावं उजवीकडे. नदीची वळणं उलटं करूनही तशीच राहिली, तळी या टोकाची त्या टोकाला गेली, काही फरक दिसेना. फक्त सात पायऱ्या पलीकडच्या काठावर जाऊन बसल्या. ईशान्येच्या कोपऱ्यात.

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तिथं नेपालचा गोठा होता.

"तिथंच तर आम्ही नाव सोडतो," लतिका म्हणाली. "दरवर्षी सांगते यांना."

मी विचारलं, "पण दक्षिणेला का बसायचं? आईनं कधी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात? माणूस समुद्रावरून यायचाय. त्याच्याकडे पाठ करून बसायचं का? समुद्र समोर हवा आणि घाट आपल्या गुडघ्यापाशी, म्हणजे होडी सरळ आपल्याकडे येते." आणि मग अगदी हळू म्हणाली, "तुहिनची होडी मी सगळ्यात पुढे काढते. त्या दिवशी तुम्ही नेमकी तीच पुसलीत."

 

परवानगी दोनच खड्ड्यांची. दिदीमणींनी तिथल्या तिथं कोलकात्याला फोन लावला, जागा बदलून मागितली. कळवतो म्हणाले. "उत्तर येईपर्यंत खणता येणार नाही," त्या म्हणाल्या. मग गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "पण शेण हलवायला परवानगी लागत नाही."

नेपाल म्हणाला, "माझं शेण आहे."

लतिका या मानलेल्या दिराला म्हणाली, "नेपाल ठाकुरपो, तुझ्या शेणातून मी लग्न झाल्यापासून नाव सोडत आलेय. आता ते हलव."

तो हलला. गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन आल्या, आणि दिवेलागणीच्या आत ढीग इकडचा तिकडे. सगळ्या गोठ्याच्या भिंतीवर गोवऱ्या लागल्या. इतकं शेण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्याचा इतका आनंदही मला कधी झाला नव्हता.

उद्या शेवटचा दिवस.

२७ कार्तिक

साडेनऊला फोन आला, होकाराचा. दहाला पहिली कुदळ. पावणेबाराला खुरपं खणकन वाजलं.

दिदीमणी पोटावर झोपून कुंचल्यानं माती झाडत होत्या. पातळ, चपट्या विटा, हाताच्या पंजाएवढ्या, एकीला एक चिकटून, सरळ रेघेत. मग त्याखाली वीतभर पुढे दुसरी रेघ. मग तिसरी. पायऱ्या नदीकडे उतरत होत्या. मी मोजत होतो आणि माझ्याबरोबर अख्खी गल्ली मोठ्यानं मोजत होती. चार. पाच. सहाव्या पायरीला पाणी लागलं, नेपालनं स्वतःचा पंप आणून लावला. आणि सात.

पाचव्या पायरीच्या कडेला एका दगडी खुंटावर खोल खाच पडलेली. दिदीमणींनी माझा हात धरून तिच्यात ठेवला. गुळगुळीत, आतून चकचकीत. "दोरखंडानं झिजलंय हे," त्या म्हणाल्या. "होड्या बांधून बांधून." किती दोर, किती वर्षं. मी हात काढेना तेव्हा नेपाल म्हणाला, "निताईदा, आता सोडा, आम्हालाही लावू द्या." त्यानंही लावला. मग पुन्हा एकदा लावला.

लतिका चपला बाहेर काढून खाली उतरली. एकेक पायरीला हात लावून कपाळाला लावत सातवीपर्यंत गेली आणि तिथं उभी राहून फोन लावला. या खेपेला तुहिननं पहिल्या घंटीला उचलला. "अरे, तुझा घाट सापडला," म्हणाली. मी वरून म्हटलं, "मला दे, नीट सांगतो त्याला." तिनं ऐकलं नसावं.

संध्याकाळी दिदीमणी नोंदवही घेऊन घरी आल्या. ही जागा दाखवली कुणी, ते नाव लिहायचं असतं म्हणे. मी सरळ होऊन बसलो. मग माझं मलाच हसू आलं. म्हटलं, "लतिका धर लिहा."

लतिका म्हणाली, "माझं कशाला? मी सासूबाईंनी शिकवलं तसं काढलं. त्यांचं लिहा."

"त्या कुणाकडून शिकल्या?" दिदीमणींनी विचारलं.

"त्यांच्या सासूबाईंकडून. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. यांना असेल."

दिदीमणींनी माझ्याकडे पाहिलं. बाप, आजा, पणजा, खापरपणजा, त्याचाही बाप, सगळी नावं माझ्या जिभेवर आहेत, पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात छापायला दिलीत. आजीचं नाव मला आठवेना. आठवेना म्हणजे मला ते ठाऊकच नाही. घरात सगळे तिला 'थोरली बहू' म्हणायचे.

आईचं नाव तेवढं सांगितलं. दिदीमणींनी लिहिलं : ननीबाला धर, लतिका धर. आणि वर एक ओळ कोरी सोडली.

४ अग्रहायण

पायऱ्यांना दोरी बांधून पाटी लावली. भट्टीवाला आला होता. नेपालनं त्याला अंगणातूनच परत पाठवलं. "त्या शेतात माती नाही, बंदर आहे," असं म्हणाला त्याला. हे वाक्य माझं आहे, पण असू दे. सकाळपासून चाळीसेक यात्रेकरूंना त्यानंच घाट दाखवला आणि खोकल्याच्या बाटलीचीही गोष्ट सांगितली.

लतिकेच्या चित्राची मोठी प्रत काढून दुकानात टांगली, या वेळी समुद्र, वाघ, होड्या सगळ्यांसकट. दक्षिण वर. गिऱ्हाईकं म्हणतात, "दादा, चित्र उलटं लागलंय." मी म्हणतो, "तुम्ही उलटे उभे आहात."

पुस्तिका छापखान्यातून परत आणली. 'स्त्रियांचे आचार' अर्ध्या पानात बसणार नाहीत.

घरी आलो तर लतिका ताज्या गुळाचं पायस ढवळत होती. तुहिन पौषात येतोय. मी चुलीपाशी पाट ओढून बसलो आणि विचारलं, "भादुलीसारखी आणखी किती चित्रं काढतेस तू?"

ती पळी पातेल्यातच सोडून माझ्याकडे वळली. "आज विचारताय?"

"आज विचारतोय."

"बारा महिन्यांची बारा व्रतं आहेत. प्रत्येकाचं वेगळं. तळ्याचं आहे, रस्त्याचं आहे, बाजाराचं आहे."

"बाजाराचं?" माझा आवाज चिरकला. "कुठला बाजार? कुठे होता?"

"आधी वही तर आणा."

धावत जाऊन नवी वही आणली, पेन्सिल आणली, पहिलं पान उघडून तिच्यासमोर बसलो. तिनं पायस खाली उतरवलं, हात पुसले, माझ्याकडे आणि कोऱ्या पानाकडे नीट पाहिलं.

"असं समोर नाही," म्हणाली. "इकडे माझ्या शेजारी या. आणि आधी लिहा, कुठे तोंड करून बसायचं ते."